वर वारा कसा होता?

४ एप्रिल

धाकटे,

वारा पूर्वेचा, कोरडा, अंगाला लागेल न लागेल असा. चादरी दुपारच्या चहाआधी वाळतील.

आता बातमी सांगते, पण आधी खाली बस. बसलीस? मला डोंगरावर नेताहेत! खरंच गं. लेक काल कामावरून आला, बूटसुद्धा काढले नाहीत आणि म्हणाला, "आई, सुट्टीत आपण सगळे डोंगर चढायला जाणार, आणि तू यायलाच हवंस." यायलाच हवंस! मी पोळपाटासारखी नुसती उभीच. सून मागून म्हणाली, "नाही म्हणू नका हं आई." मी कशाला नाही म्हणते? नाही म्हणायला तोंड उघडायला तरी लागतं ना, माझं ते हसण्यातच अडकलं होतं.

रस्ता अवघड आहे म्हणतात. आधी झाडी, मग दगडांचा चढ, अर्ध्यावर एक चहाची टपरी, आणि टपरीच्या पुढे उभा कातळ. त्याला लोखंडी साखळी लावलीय, ती धरून चढायचं. चढलं की माथा. माथ्यावरून दोन्हीकडच्या दऱ्या आणि पलीकडचं तळं दिसतं. तुला आठवतं का, लाँड्रीच्या गच्चीवरून लांब एक निळी रेघ दिसायची? मी रोज म्हणायचे, तिथे वर वारा कसा असेल गं, चादर हातात ठरत असेल का? आणि तू खालून ओरडायचीस, "आधी उशांचे अभ्रे खाली टाक!" तो डोंगर हाच की दुसरा, मला ठाऊक नाही. डोंगर तो डोंगर.

सून मला हसते. म्हणते, पत्रात आधी वारा कोण लिहितं? म्हटलं, बाई, तीस वर्षं मी वर कपडे वाळत घालायचे आणि धाकटी खाली इस्त्रीच्या खोलीत. मी जिन्याच्या पोकळीतून हाळी द्यायची, "पश्चिमेचा, ओला!" की हिला कळायचं, कपडे दमट येणार, पाणी शिंपडायला नको. आधी वारा, मग बाकीच्या गप्पा. मी बाकी काय वाटेल ते सांगेन, शेजारणीला माझं वयही दहा वर्षं कमी सांगितलंय, पण वाऱ्याचं कधी खोटं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांचे कपडे जळले असते आणि तू मला जाळलं असतंस.

सुनेने तिचे जुने चढायचे बूट मला दिले. थोडे मोठे होतात, पण काय रुबाब! मी ते घालून रोज इमारतीचा जिना चढउतर करते. खालच्या मजल्यावरचे निवृत्त टपालवाले दार उघडून विचारतात, "आजी, काही हरवलं का?" म्हटलं, "हो, वय. वरच्या मजल्यावर सापडतंय का बघते." भिंगरी माझ्याबरोबर चढते, ती धापा टाकते, मी नाही. नातीपेक्षा आजी बरी! ठोंब्या मात्र कडेवर घेतला की पोत्यासारखा. आठ महिन्यांचं पोर नाही, धोंडाच आहे. देवाने गाल देताना हात आखडला नाही.

तू तुझ्या शेजारच्या खोलीचं विचारलंस. खोली छान आहे गं, गॅलरी आहे, तू आहेस, मला काय नको आहे? पण आत्ता कशी येऊ? ज्या घरातले लोक आपल्याला डोंगरावर नेतात, त्या घरातून बोचकं बांधून निघालं तर बरं दिसेल का? आल्यावर नक्की काय ते कळवते. फोन करू नको. फोन बाहेरच्या खोलीत आहे, सगळे ऐकतात, आणि तू भांडतेस.

तुझी ताई


११ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. वारा मिळाला. इकडे दक्षिणेचा, चिकट.

आनंद झाला म्हणतेस तर होऊ दे. मी वाईटच बोलणार, तुला माहीत आहे. इस्त्री थंड असली तर तिला कोण विचारतं. तुझ्या लेकाला त्याचं नाक मी पुसलंय तेव्हापासून ओळखते. तो खाली पडलेला रुमाल कारणाशिवाय उचलत नाही. म्हणून एकच विचारते. साखळी धरून कातळ चढायचा म्हणतेस. साखळीला दोन हात लागतात. मग ठोंब्याला कोण घेणार? हे कोणाला विचारलंस का? की हसण्यातच तोंड अडकलं?

जाऊ दे. गेलीस तर बुटात टाचेशी कपड्याची घडी घाल, नाहीतर फोड येतील. पदराचा कपडा नको, जुन्या टॉवेलचा घे. उतरताना गुडघे वाकवून उतर. आणि माझे शहाणे, वर पोचलीस तर लिही, वर वारा कसा होता. जन्मभर माझं डोकं खाल्लंस त्या निळ्या रेघेपायी, एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे.

खोलीचं ऐक. घरमालकीण महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाली. वरच्या मजल्यावरची नर्सबाई तिच्या आईसाठी दोनदा येऊन गेली. मी तिला म्हटलं, माझी बहीण येणार आहे. गॅलरीत मी दोरी बांधून ठेवलीय, तुझ्या उंचीला, माझा हात पोचत नाही तिथे. चिमटे लाकडी घेतलेत.

तुझ्यावर दया येते म्हणून बोलावत नाहीये. संध्याकाळी दिवा लावला की मला बोलायला कोणी नसतं. भिंतीशी बोलते, ती उलटून बोलत नाही, मजा येत नाही. हे एकदाच लिहितेय. परत लिहिणार नाही.

धाकटी


२६ एप्रिल

धाकटे,

आज वारा उत्तरेचा, हलका, कोरडा. टॉवेलसुद्धा कडक वाळले.

आले गं, आले! आले आणि पडलेच. पाय असे दुखताहेत की जिन्याने टपालवाल्यांकडे पत्र टाकायला भिंगरीला पाठवतेय. पण सगळं पहिल्यापासून सांगते.

गाडीत मला मधे बसवलं. एका बाजूला भिंगरी, एका बाजूला ठोंब्या त्याच्या खुर्चीत. ठोंब्या वाटभर माझं बोट चोखत होता, उतरेपर्यंत बोट सोललेल्या बटाट्यासारखं पांढरं. भिंगरीला दोनदा उलटी झाली, दोन्ही वेळा माझ्याच पिशवीत. पिशवी गेली, बाकी प्रवास मजेत. राहायला लाकडी खोल्या होत्या, डोंगराच्या पायथ्याशी. ते तिघं एका खोलीत, मी आणि ठोंब्या एका. रात्रभर त्याने मला झोपू दिलं नाही, पण सकाळी खिडकी उघडली तर समोर डोंगर! धाकटे, निळा नसतोच तो. जवळून बघितला तर तपकिरी, हिरवा, कुठे कुठे गंजलेल्या पत्र्यासारखा. निळा लांबूनच दिसतो. आपण किती वर्षं फसलो.

टाचेशी टॉवेलची घडी घातली. एक फोड नाही आला. तुझ्या अकलेला तोड नाही, तोंडाला आहे.

लेक म्हणाला, "सगळ्यात हळू चालणाऱ्याने पुढे चालायचं, म्हणजे कोणी मागे राहत नाही." म्हणून मला पुढे घातलं. जन्मात पहिल्यांदा मी सगळ्यांच्या पुढे! आणि काय सांगू, मी कुठली हळू? मीच मागे वळून म्हणते, "अरे, या की!" सून लाल झालेली, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच एवढी चालत होती बिचारी. ठोंब्या लेकाच्या पाठीवरच्या झोळीत. दगडांवर पाय कसा ठेवायचा ते मला कोणी शिकवायला नको, ओल्या गच्चीवर पाटी डोक्यावर घेऊन चाललेल्या बाईला दगडाचं काय.

टपरी म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. पण टपरीवाली! गोल गरगरीत, हसली की पोट आधी हसतं, मग ती. तिचा नवरा वर साखळीपाशी लोकांना हात देतो. तिला तीन मुली, तिन्ही खालच्या गावात शिकतात, मधलीला अंधाराची भीती वाटते. तिच्या चुलीला एक वीट कमी आहे, ती दगड लावून चालवते. चहात आलं ठेचून नाही, किसून घालते. उकडलेली अंडी मिठाच्या कागदात गुंडाळून देते. तिथला वारा दरीतून वर येणारा, दमट, मधेच वळसा घालून मागून येणारा. ठोंब्याची दुपटी तिच्या दोरीवर टाकली होती, कितीतरी वेळाने बघितलं तरी कोपरे ओलेच. टपरीवाली म्हणाली, "इथे काही वाळत नाही आजी." म्हटलं, "दोरी चुकीच्या बाजूला बांधलीय बाई, इकडून तिकडे बांध." मग आम्ही दोघींनी मिळून दोरी सोडून पलीकडे बांधली. बांधली आणि वाळली की!

मग काय, माथा. माथ्यावर गेलो. काय ते सौंदर्य! भिंगरी म्हणते तळं म्हणजे सांडलेल्या दुधासारखं दिसतं. लेक म्हणतो शब्दच नाहीत. सून तर रडली, म्हणाली, आज कितीतरी दिवसांनी मी माझी मी झाले. दोन्हीकडे दऱ्या. खूप खोल. खूप छान. फोटो काढले, सगळ्यांनी हात वर केलेत. मी त्यात नाही, मी कडेला होते. तुला फोटो पाठवते म्हटलं तर लेक म्हणाला, कागदावर काढून आणू मग पाठव.

उतरताना लेकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्याने शाळेत असताना ठेवला असेल. म्हणाला, "आई, तुझ्याशिवाय हे जमलंच नसतं." ऐकलंस? तू रुमालाचं बोललीस ना? हे घे.

तेव्हा धाकटे, ती खोली नर्सबाईला दे देऊन. तिच्या आईलाही म्हातारपणी जागा लागेलच की. मी आता कुठे येते? इथे माझ्याशिवाय पान हलत नाही. तू राग मानू नको. सुट्टीत येईन, तुझ्या भिंतीपेक्षा जास्त बोलेन.

तुझी ताई

ता. क. – दोरी काढू नको. नर्सबाईच्या आईच्या कामी येईल.


३ मे

ताई,

तुझं पत्र संध्याकाळी आलं. दिव्याखाली वाचलं. "तिच्या आईलाही जागा लागेलच की" इथपर्यंत आले आणि उठले. वर गेले, नर्सबाईला म्हटलं, घ्या खोली. घरमालकिणीकडून किल्ली घेऊन तिच्या हातात दिली. ती रडायला लागली, माझे हात धरले. मी म्हटलं, माझे आभार मानू नका, माझ्या बहिणीचे माना, ती डोंगर चढून आलीय. खाली येऊन तशीच झोपले. जेवले नाही.

सकाळी राग उतरला. इस्त्री तापेपर्यंत पत्र परत काढलं. या वेळी मन लावून वाचलं.

तुझ्या खिडकीतला वारा आहे. टपरीवरचा आहे, दमट, वळसा घालणारा, दोरी सोडून बांधण्याइतका आहे. चुलीची वीट आहे, मधलीची भीती आहे, मिठाचा कागद आहे. मग "माथ्यावर गेलो." आणि माथ्यावर भिंगरी म्हणते, लेक म्हणतो, सून म्हणते. तू काय म्हणतेस? खूप खोल. खूप छान. मी तुला विचारलं होतं, नीट लिहून विचारलं होतं, वर वारा कसा होता. सगळ्या पत्रात त्याचं उत्तर नाही.

तू वर गेली नाहीस, ताई.

तुला खोटं लिहिता आलं असतं. जोराचा होता लिहायचंस, भणाणता होता लिहायचंस, मला काय कळणार होतं? मी कधी डोंगर बघितलाय? पण वाऱ्याचं खोटं तुला जमत नाही, म्हणून तू तो घासच गिळून टाकलास. मी ओळखायला हवं होतं. पहिल्याच वाचण्यात ओळखायला हवं होतं. पण मी रागात वाचत होते, आणि रागात वाचलं की माणूस शेवटची ओळ आधी वाचतो.

तुला दाई म्हणून नेलं, बूट घालून. बूट घातलेली दाई. तुझ्याशिवाय जमलं नसतं, बरोबरच आहे, खोटं कुठे बोलला तो? आणि तुझ्याशिवाय पान हलत नाही म्हणतेस. जिथे पान हलत नाही तिथे वारा नसतो, हे तुला मी सांगायचं?

नर्सबाईची आई काल राहायला आली. माणूस भलं आहे. कानाने कमी. गॅलरीत तिचे कपडे वाळत आहेत, तुझ्या दोरीवर, तुझ्या उंचीवर. तिची मुलगी स्टुलावर चढून घालते. चिमटे सदऱ्याच्या खांद्यावर लावते, खांद्याला शिंगं येतात. मी बघते आणि माझी इस्त्री फिरवत राहते. तिला बाहेर काढायला सांगू? कुठल्या तोंडाने? किल्ली मी माझ्या हाताने दिली.

तुझं खोटं आणि माझा राग. दोघी बहिणींनी मिळून एक खोली घालवली. लाँड्रीतही कधी एवढं एकमताने काम केलं नव्हतं.

आता तरी खरं लिही. मला त्या लोकांशी देणंघेणं नाही. मला तुझ्याकडून ऐकायचंय.

धाकटी


१९ जून

धाकटे,

उत्तराला उशीर झाला. इथे बरीच गडबड होती, सगळी चांगलीच.

ठोंब्याला पाळणाघरात जागा मिळाली! चांगलं आहे, रंगीत भिंती आहेत, तिथली बाई मऊ बोलते. पहिल्या दिवशी मी सोडायला गेले तर तो वळूनसुद्धा बघेना, एका लाल चेंडूमागे रांगत गेला. हुशार आहे. सून परत कामावर जाते, रंग चढलाय तोंडावर. आता दिवसभर घर माझं एकटीचं. काय हवं ते करा! मी आपली पडदे धुते.

माझी खाट मागच्या खोलीत हलवलीय. माझ्या खोलीत आता सुनेचं मेज लागलंय, तिला घरून काम असतं. मागच्या खोलीत बॅगा असतात, शिडी असते, सायकल असते. सगळ्यांची सोबत. बूट सुनेने परत घेतले. तिच्या मैत्रिणीला हवे होते, ती कुठेतरी चढायला चाललीय. टाचेची घडी मी आधी काढून घेतली.

तू विचारलंस ते सांगते. रागावू नको आणि त्यांच्यावरही रागावू नको.

टपरीशी पोचलो तेव्हा मी साखळीकडे बघत होते. लेकाने पाठीवरची झोळी सोडली, ठोंब्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "आई, आम्ही जाऊन येतो. बाळाला तिथून नेता येत नाही, तुला ठाऊकच आहे." मला ठाऊकच होतं, असं त्याला वाटत होतं. सगळ्यांना वाटत होतं. मलाच एकटीला ठाऊक नव्हतं. मी काय म्हटलं असेन? "जा की, मला कुठे जायचंय!" हसून म्हटलं. तोंड अडकलं होतं, तू म्हणतेस तसं.

ते गेले. आम्ही दोरी बांधली, चहा झाला, अंडी झाली. मग टपरीवाली म्हणाली, "आजी, तुम्ही तर त्या सगळ्यांपेक्षा ताज्या दिसता. बाळ झोपलंय. मी घेते, तुम्ही जाऊन या, माझा नवरा आहे वर हात द्यायला." मी उठले. खरंच उठले गं. साखळीपर्यंत गेले. साखळीला हात लावला. गार होती आणि लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालेली, आपल्या जिन्याच्या कठड्यासारखी. एक पाय कातळावर ठेवला. बूट काय पकडतो! गेले असते, धाकटे. मला येत होतं.

मग मागे ठोंब्या रडला. टपरीवालीने त्याला घेतलं होतं, थोपटत होती, तो थांबलाही असता. मी वळले. मला कोणी मागे बोलावलं नव्हतं, हे लक्षात ठेव. मला वाटलं, ते वर आहेत, आत्ता खाली बघतील, आई ठोंब्याला सोडून वर येताना दिसली तर त्यांच्या तोंडावर काय येईल. ते तोंड मला बघायचं नव्हतं. म्हणून मी परत येऊन बसले.

परतताना गाडीत भिंगरी सांगत होती, पोरीच्या जातीला काही पोटात राहत नाही. म्हणाली, "आजी, आधी आम्ही दुसऱ्या आजीला विचारलं होतं, तिचे गुडघे दुखतात म्हणून ती नाही म्हणाली." सून म्हणाली, "भिंगरे, गाणं म्हण." तिने म्हटलं. छान म्हणते, सुरात.

आणि तरी घरी येऊन मी तुला ते पत्र लिहिलं. लेकाने खांद्यावर हात ठेवला होता ना, तेवढं खरं होतं. त्या हातावर बाकीचं सगळं घडी करून ठेवलं.

तुझ्या खोलीचं वाईट वाटून घेऊ नको. चांगलंच झालं. नर्सबाईच्या आईला सांग, नाहीतर लिहून दाखव, तिला ऐकू येत नाही म्हणतेस, म्हणजे ती मुलीला सांगेल, सदरा खांद्याने लटकवायचा नाही, खालच्या शिवणीने लटकवायचा, चिमटा शिवणीवर. शिंगं येत नाहीत. आणि संध्याकाळी तिच्याशी बोलत जा. कानाने कमी असली तरी भिंतीपेक्षा बरी. उलटून बोलायला शिकव तिला.

वर वारा कसा होता, मला ठाऊक नाही. साखळीपाशी खालून वर जात होता, कातळाला घासून, एवढं खात्रीने सांगते. माझ्या डोक्यावरचा रुमाल वरच्या बाजूला ओढत होता.

आज पत्रात आधी वारा लिहिला नाही, तेवढं सांभाळून घे. मागच्या खोलीला खिडकी नाही.

तुझी ताई